पाचारणाची पारख

कॅथलिक श्रद्धेनुसार पाचारण म्हणजे ईश्वराने माणसाला एका जीवनमार्गावर बोलावणे. विवाह हे पाचारण आहे, आणि संसारात न पडता जगात राहून केलेली सेवाही पाचारणच आहे. पावित्र्याची हाक बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ च्या ‘लुमेन जेन्शियुम’ या दस्तऐवजात मांडले. या सर्वांसाठी असलेल्या हाकेच्या आत काहींना आणखी एक विशेष हाक येते: धर्मगुरू होण्याची, किंवा दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन एखाद्या संघात आयुष्य वाहण्याची. ही हाक खरी की क्षणिक उत्साह, आपली की आईवडिलांच्या इच्छेचा प्रतिध्वनी, हे सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींनी कसे ओळखायचे, आणि वडीलधाऱ्यांनी त्यांना त्यात मदत कशी करायची, हा चर्चपुढचा फार जुना प्रश्न आहे.

तरुणांना या वाटेकडे वळवताना दोन गोष्टींची गल्लत सहज होते. मनातली हाक ओळखायला मदत करणे ही एक गोष्ट. सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरूंच्या प्रशिक्षणगृहांत, आणि मठांत रिकाम्या पडत चाललेल्या जागा भरणे ही दुसरी. चर्चची शिकवण, तिचा कायदा आणि तिच्या थोर आध्यात्मिक गुरूंचा अनुभव पहिल्या गोष्टीच्या बाजूने उभा आहे. तरुणाला होकार आणि नकार दोन्ही निर्भयपणे देता येतील इतकी मोकळीक देणे हाच प्रोत्साहनाचा गाभा आहे, आणि तोच सगळ्यांत अवघड भाग आहे.

बायबलमधल्या दोन प्रसंगांत हे स्पष्ट दिसते. शिलोच्या मंदिरात झोपलेल्या बाल शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते आणि म्हाताऱ्या एलीने बोलावले असे समजून तो तीनदा त्याच्याकडे धावतो. पहिल्या दोन वेळा एलीच्याही काही लक्षात येत नाही. तिसऱ्यांदा त्याला उमगते, तेव्हा तो मुलाला परत झोपायला पाठवतो आणि पुन्हा हाक आली तर उत्तर काय द्यायचे एवढेच शिकवतो. हाकेत काय सांगितले जाणार हे एलीला ठाऊक नसते, आणि दुसऱ्या दिवशी कळते ते त्याच्याच घराण्याविरुद्धचे असते. तरीही त्याने मुलाला ऐकायला पाठवलेले असते. दुसरा प्रसंग मार्कच्या शुभवर्तमानातल्या श्रीमंत माणसाचा. येशू त्याच्याकडे प्रेमाने पाहतो, सर्वस्व विकून मागे यायला सांगतो, आणि तो माणूस खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याला अडवत नाही आणि त्याच्यासाठी अट सैलही करत नाही.

पाचारणाची पारख कशी करावी याचे सर्वांत नेमके शास्त्र सोळाव्या शतकात एका जायबंदी सैनिकाने घडवले. बास्क प्रदेशातल्या लोयोला घराण्यातले इग्नेशियस २० मे १५२१ रोजी पाम्पलोनाच्या किल्ल्यात तोफेच्या गोळ्याने जखमी झाले. एक पाय मोडला, दुसऱ्याला इजा झाली. घरी अंथरुणावर पडून असताना त्यांनी वाचायला शौर्यकथा मागितल्या. वाड्यात तशी पुस्तके नव्हती. मिळाले ते सॅक्सनीच्या लुडॉल्फने लिहिलेले ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या चरित्रांचा एक संग्रह. दिवस दिवस त्यांचे मन दोन स्वप्नांत रमे. एका थोर घराण्यातल्या स्त्रीसाठी आपण काय पराक्रम करू हे एक. संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांनी जे केले ते आपणही का करू नये, हे दुसरे. रमताना दोन्ही सारखीच गोड वाटत. मात्र पहिल्यातून बाहेर आल्यावर मन कोरडे आणि असमाधानी राही, दुसऱ्यानंतर त्याचा आनंद टिकून राही. हा फरक आधी त्यांच्या ध्यानातही आला नव्हता. तो ध्यानात आला तिथून पारख सुरू झाली.

पुढे १५२२–२३ मध्ये मानरेसा गावी केलेल्या तपश्चर्येतून आणि नंतरच्या अनुभवातून त्यांचा ‘आध्यात्मिक साधना’ हा छोटा ग्रंथ तयार झाला. तिसरे पोप पॉल यांनी त्याला १५४८ मध्ये मान्यता दिली. तो वाचायचा ग्रंथ नव्हे, करायचा आहे: पूर्ण साधना सुमारे तीस दिवसांची, मौनात, एका मार्गदर्शकाच्या सोबतीने. जीवनमार्ग निवडण्याच्या तीन वेळा इग्नेशियस सांगतात. कधी हाक इतकी लख्ख असते की शंकेला जागाच उरत नाही. प्रेषित पौल आणि मत्तय यांचे तसे झाले. कधी मनात समाधान आणि औदासीन्य आळीपाळीने येतात, आणि कोणता विचार माणसाला कुठे नेतो याचा माग घेत घेत दिशा कळते. आणि कधी मन अगदी शांत असते. तेव्हा बुद्धी वापरायची, दोन्ही वाटांचे फायदे-तोटे मांडायचे. या तिसऱ्या वेळेसाठी त्यांनी दिलेल्या युक्त्या आजही तितक्याच उपयोगी आहेत. कधीही न पाहिलेला एखादा माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सल्ला द्याल, हे स्वतःला विचारा. मृत्यूच्या क्षणी मागे वळून पाहताना कोणता निर्णय घेतलेला असावा असे वाटेल, हेही विचारा. सर्वांत व्यवहारी नियम औदासीन्याविषयीचा आहे: मन खचलेले असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलायचा नाही. परीक्षेत नापास झाल्यावर किंवा प्रेमभंग झाल्यावर सेमिनरीचा अर्ज भरू पाहणाऱ्या तरुणाला अनुभवी धर्मगुरू थांबायला सांगतात. खचल्या मनाचा भरवसा धरू नये, हेच त्यांचेही कारण असते.

ग्रंथाच्या सुरुवातीला मार्गदर्शकासाठी सूचना आहेत. त्यांतली पंधरावी सूचना पाचारणाचे काम करणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावी अशी आहे. साधना चालू असताना मार्गदर्शकाने साधकाला व्रतस्थ जीवनाकडेही ढकलू नये आणि त्यापासून दूरही ओढू नये. तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे आणि निर्मात्याला आपल्या लेकराशी थेट व्यवहार करू द्यावा. त्याच सूचनेत इग्नेशियस हेही मान्य करतात की साधनेच्या बाहेर, ज्यांच्यात पात्रता दिसते अशांना या जीवनाकडे वळण्याचे आवाहन करणे योग्य आणि पुण्याचेही आहे. म्हणजे आवाहनाची वेळ वेगळी आणि निर्णयाची वेळ वेगळी. आवाहन मोठ्याने करावे. निर्णयाच्या वेळी मात्र आवाहन करणाऱ्याने बाजूला व्हावे.

इग्नेशियस स्वतः असेच वागले. पॅरिसच्या सेंट बार्ब महाविद्यालयात त्यांच्या खोलीत राहणारे नाव्हाराचे फ्रान्सिस झेव्हियर हुशार आणि महत्त्वाकांक्षी होते. या फाटक्या, वयाने मोठ्या विद्यार्थ्याचे बोलणे ते आरंभी मनावर घेत नसत. इग्नेशियसनी घाई केली नाही. मैत्री केली, अडचणीत मदत केली आणि काही वर्षे वाट पाहिली. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनी व्रते घेतली, त्यांत झेव्हियर होते. ६ मे १५४२ रोजी ते गोव्याला उतरले. जानेवारी १५४४ मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली तळमळ ओतली आहे: युरोपातल्या विद्यापीठांत, विशेषतः पॅरिसला जावे आणि ज्ञान मिळवूनही ते कुणाच्या कामी न लावणाऱ्या विद्वानांना वेड्यासारखे ओरडून जागे करावे, असे त्यांना वाटत होते. आधी वर्षानुवर्षे शांत मैत्री, मग हे जळते आवाहन. पाचारणाला दोन्ही लागतात.

नकारातून गेलेल्या पाचारणाचे उदाहरण मराठी मुलखातच आहे. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६–५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. वसईत इग्नेशियस यांच्या जेझुइट संघाच्या छत्राखाली ते शिकले आणि पंधरा-सोळा वर्षांचे असताना एका जेझुइट धर्मगुरूंसोबत जपानला गेले. जपानी भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून काम केले. जेझुइट संघात प्रवेशाची त्यांची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. निराश होऊन ते बाहेर पडले आणि व्यापारात उतरले. व्यापार चांगला चालला. तरी ती ओढ गेली नाही. मनिलामध्ये ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे ब्रदर म्हणून. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता यांच्यासोबत दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले आणि राज्यकर्ता हिदेयोशीपुढे बोलणी करण्यात त्यांच्या भाषाज्ञानाचा उपयोग झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसांवर मारण्यात आले, त्यांत ते होते. ८ जून १८६२ रोजी नववे पोप पायस यांनी त्यांना संतपद दिले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. या चरित्रात एका संघाचा नकार आहे, पैसा मिळवण्याची वर्षे आहेत, आणि शेवटी जे मागितले होते त्याहून वेगळे स्थान आहे. पहिला दरवाजा बंद झाला म्हणजे पाचारण नव्हतेच, असा निष्कर्ष काढण्याची घाई करणाऱ्यांनी हे चरित्र जरूर वाचावे.

हाक ऐकू येणे म्हणजे मनात गोड ओढ जाणवणे, ही समजूतही फार पसरलेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये यावर मोठा वाद झाला. जोसेफ लाहितों या धर्मगुरूंनी १९०९ मधल्या ग्रंथात असे मांडले की गुरुपदाचे पाचारण आतल्या ओढीवर अवलंबून नाही. योग्य हेतू आणि पात्रता असलेल्या उमेदवाराला बिशप बोलावतात, ते बोलावणे निर्णायक. १९१२ मध्ये कार्डिनलांच्या आयोगाने त्यांच्या मुख्य मांडणीला मान्यता दिली आणि दहाव्या पोप पायस यांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. याचे दोन अर्थ निघतात. भावना उचंबळून येत नाही म्हणून कुणी स्वतःला अपात्र समजू नये. आणि भावना कितीही तीव्र असली तरी गुरुदीक्षा हा कुणाचा हक्क होत नाही. तरुण चर्चची परीक्षा घेतो तशी चर्चही त्याची घेते.

ही दुहेरी परीक्षा चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत बांधून दिलेली आहे. जीवनमार्ग निवडताना कुणावरही सक्ती होऊ नये हा प्रत्येक श्रद्धावंताचा हक्क कलम २१९ सांगते. बळजबरीने, भीतीने किंवा फसवणुकीने घेतलेला नोव्हिशिएटचा, म्हणजे व्रतांआधीच्या चाचणीकाळाचा, प्रवेश कलम ६४३ नुसार मुळातच अवैध ठरतो. सतरा वर्षे पूर्ण होण्याआधीचा प्रवेशही तसाच. नोव्हिशिएट किमान बारा महिन्यांचा असतो. पहिली व्रते अठराव्या वर्षानंतर आणि तीही तात्पुरती, साधारण तीन ते सहा वर्षांची. आयुष्यभराची व्रते एकविसाव्या वर्षाआधी घेता येत नाहीत. धर्मगुरूला दीक्षेच्या वेळी पंचवीस वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. डीकन (धर्मगुरूपदाच्या आधीची पायरी) होण्यापूर्वी उमेदवाराला स्वतःच्या हाताने लिहून द्यावे लागते की आपण हे स्वेच्छेने आणि मोकळेपणाने स्वीकारत आहोत. आणखी एक कलम फारसे कुणाला माहीत नसते, पण सगळ्या रचनेचे मर्म त्यात आहे: सेमिनरीत कुणाला ठेवायचे किंवा पुढे पाठवायचे हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे किंवा पापनिवेदन ऐकणाऱ्या गुरूचे मत कधीही मागता येत नाही. त्यामुळे प्रशिक्षणार्थ्याला निदान दोन माणसांपाशी मन पूर्ण उघडता येते, आपल्या शंकांचा कागद होईल ही धास्ती न बाळगता.

धर्मप्रांतीय धर्मगुरूचे प्रशिक्षण साधारण दहा वर्षांचे. बारावी किंवा पदवीनंतर आधी तयारीचा काळ. मग तत्त्वज्ञान, मध्ये एखादे वर्ष एखाद्या धर्मग्रामात काम, आणि शेवटी ईश्वरविज्ञान. डिसेंबर २०१६ मध्ये व्हॅटिकनने काढलेल्या मार्गदर्शिकेने तयारीचा हा काळ सक्तीचा केला आणि सगळ्या टप्प्यांत मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि सेवाविषयक अशा चारही अंगांनी घडण व्हावी असे सांगितले. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या तरुणांसाठी गोरेगावची सेंट पायस टेन्थ सेमिनरी, गोव्यातली राशोल सेमिनरी, पुण्यातली पेपल सेमिनरी ही परिचित ठिकाणे. पेपल सेमिनरी तेराव्या पोप लिओंनी १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीत उघडली होती. १९५५ मध्ये ती पुण्यात आली. जेझुइटांचे प्रशिक्षण याहून लांब असते. इग्नेशियसनी घालून दिलेल्या नियमांत नवशिष्याने तीस दिवसांची साधना करावी, काही काळ रुग्णालयात हलकी कामे करावीत आणि पैसे न घेता, भिक्षेवर तीर्थयात्रा करावी, असे सांगितले आहे. पुस्तकी परीक्षेत न दिसणारा माणूस अशा वेळी दिसतो.

मुलींच्या पाचारणाची चर्चा धर्मग्रामांत तुलनेने कमी होते, ही खरी उणीव आहे. धर्मभगिनींची संख्या धर्मगुरूंपेक्षा जास्त आहे, शाळा, दवाखाने, अनाथाश्रम आणि आदिवासी पाड्यांवरचे बरेचसे काम त्यांच्या हातून होते, आणि त्यांच्या संघांतली विविधताही मोठी आहे. मठाबाहेर न पडता केवळ प्रार्थनेत जगणारे संघ आहेत, तसेच १९४२ मध्ये मदर अॅना हुबर्टा यांनी अंधेरीत स्थापन केलेल्या ‘हेल्पर्स ऑफ मेरी’सारखे अनाथ मुले आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी झटणारेही. मुलीला ‘सिस्टर व्हायचे का?’ एवढेच विचारणे अपुरे पडते. कोणत्या कामासाठी, कोणत्या संघात, कोणत्या प्रार्थनापद्धतीत, हे प्रश्न पुढे उभे राहतात.

पारख तरुणपणी एकदा झाली की संपते असेही नाही. अॅग्नेस बोयाजिऊ ही मुलगी १९२८ मध्ये अठराव्या वर्षी स्कोप्येहून निघून लोरेटो संघात गेली. पुढे मदर तेरेसा म्हणून ओळखल्या गेलेल्या त्याच मुलीने १९३७ मध्ये शेवटची व्रते घेतली. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत त्यांना गरिबांमध्ये राहण्याची नवी हाक जाणवली. कलकत्त्याचे आर्चबिशप पेरिए यांनी लगेच होकार दिला नाही. तपासणी, पत्रव्यवहार आणि प्रतीक्षा यांत सुमारे दोन वर्षे गेली; १९४८ मध्ये परवानगी मिळाली आणि ७ ऑक्टोबर १९५० रोजी मिशनरीज ऑफ चॅरिटी हा संघ अधिकृत झाला. त्या प्रतीक्षेत त्यांनी आज्ञापालन सोडले नाही आणि विनंतीही सोडली नाही.

जगभरच्या आकड्यांत चिंतेचे कारण आहे. १९७० च्या सुमारास धर्मभगिनी दहा लाखांच्या घरात होत्या, आज त्या सहा लाखांच्या आत आहेत. सेमिनरीतल्या विद्यार्थ्यांची संख्या २०११ मध्ये १ लाख २० हजारांच्या वर होती. २०२३ अखेर ती १ लाख ६ हजारांच्या आसपास आली. घट युरोप-अमेरिकेत जास्त, आफ्रिकेत वाढ. मराठी भागात प्रत्येक ठिकाणचे कारण वेगळे आहे. मुंबई महाधर्मप्रांतातून १९९८ मध्ये वेगळा झालेला वसई धर्मप्रांत हा पाचारणाच्या दृष्टीने सुपीक प्रदेश. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. घरात पाच-सहा मुले, केळीच्या बागा आणि पानवेली, संध्याकाळी सगळ्यांची मिळून रोझरी, आणि त्यांतला एखादा मुलगा सेमिनरीत: हे चित्र तिथे नवलाचे नव्हते. आता घरात एक किंवा दोन मुले, वाडीच्या जागी इमारत, आणि मुलापुढे परदेशी नोकरीची वाट. एकुलता एक मुलगा देताना आईवडिलांचा जीव कासावीस होतो. ती भीती स्वार्थ म्हणून झटकून टाकणे क्रूरपणाचे ठरेल. म्हातारपणी कोण बघणार, या प्रश्नावर धर्मगुरूंनी आणि संघांनी कुटुंबाशी उघडपणे बोलले पाहिजे.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर पट्ट्यात प्रश्न निराळा. तिथला ख्रिस्ती समाज मुख्यतः दलित समाजातून आलेला, मराठीत प्रार्थना करणारा, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला गर्दी करणारा. मात्र पुण्या-मुंबईतले तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान इंग्रजीत शिकवले जाते. मराठी शाळेत शिकलेला हुशार मुलगा पहिल्या वर्षी भाषेपाशी अडखळतो आणि आपण या वाटेला लायक नाही असे समजू लागतो. भाषेची अडचण ही अपात्रतेची खूण मुळीच नाही. ती दूर करायला वेळ आणि शिक्षक देणे हे चर्चचे कर्तव्य आहे, आणि त्यात कसूर झाली तर चर्चला उत्तम गुरू गमवावे लागतील. हेतूची तपासणीही इथे नाजूक होते. गरीब घरातला मुलगा शिक्षणाच्या आशेने आला असेल तर ते पाप नाही. प्रशिक्षणाच्या काळात त्या आशेच्या पुढे काही उगवते का, हे पाहायचे असते.

प्रत्यक्ष प्रोत्साहनाची कामे साधीच असतात. सहावे पोप पॉल यांनी १९६४ पासून सुरू केलेला पाचारणासाठी प्रार्थनेचा जागतिक दिवस पुनरुत्थानकाळाच्या चौथ्या रविवारी, उत्तम मेंढपाळाच्या रविवारी असतो. त्या दिवशी एखाद्या धर्मगुरूने किंवा सिस्टरने आपले अनुभव अडचणींसह सांगितले, तर त्याचा परिणाम छापील पत्रकापेक्षा खोल होतो. सुट्टीत भरणाऱ्या पाचारण शिबिरांत मुलांनी त्या घरातला दिवस जवळून पाहावा: पहाटेची प्रार्थना, भांडी घासणे, कंटाळा, हास्यविनोद, मतभेद मिटवणे. वेदीसेवक, गायनवृंद, युवासंघ यांतून पहिली ओढ निर्माण होते. पुढे प्रत्येकासाठी एक मार्गदर्शक लागतो, वर्ष-दोन वर्षे नियमित भेटणारा. २०१८ मध्ये तरुण, श्रद्धा आणि पाचारणाची पारख या विषयावर भरलेल्या सिनड या बिशपांच्या सभेनंतर पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये ‘ख्रिस्तुस विव्हित’ हे पत्र काढले. त्यात तरुणांचे ऐकून घेण्यावर दिलेला भर याच भेटींसाठी आहे. ज्याच्यासमोर मुलगी ‘मला लग्नही करावेसे वाटते’ असे न लाजता म्हणू शकते, तो मार्गदर्शक तिच्या उपयोगाचा.

प्रशिक्षणातून बाहेर पडणाऱ्यांचा विचार या विषयात नेहमी शेवटी आणि अपुरा होतो. इतक्या टप्प्यांची रचना असते ती काहींनी अर्ध्यावर वेगळी वाट घ्यावी म्हणूनच. तशी कुणीच घेत नसेल तर पारख होत नाही असे समजावे. तरी सेमिनरीतून परतलेल्या मुलाकडे गावात नजरा वळतात, आणि कॉन्व्हेंट सोडून आलेल्या मुलीला त्याहून जास्त सोसावे लागते. संघ सोडणाऱ्या व्यक्तीशी समन्याय आणि ख्रिस्ती प्रेमाने वागावे, असे धर्मसंहितेचे कलम ७०२ संघांना बजावते. व्यवहारात याचा अर्थ शिक्षणाची प्रमाणपत्रे वेळेवर देणे, नोकरी मिळेपर्यंत आधार देणे, कुटुंबाशी स्वतः जाऊन बोलणे आणि त्या तरुणाला धर्मग्रामाच्या कामात सन्मानाने सामावून घेणे. कुणाला पुढे पुन्हा दुसऱ्या सेमिनरीत किंवा संघात जायचे असेल तर आधीच्या संस्थेचा अहवाल मागवला जातो आणि नव्याने विचार होतो. ती वाट कायद्याने बंद केलेली नाही.